धुराचा प्याला

लहानपणी आमच्या घरी पावसाळ्यात एक वाक्य हमखास कानावर पडे. आजी चुलीवरच्या दुधाचे पातेले नाकाशी नेई, कपाळाला आठी घाली आणि म्हणे, "धुरकटलं मेलं." ओल्या लाकडांचा धूर दुधात उतरलेला असे. मग ते दूध विरजायचे नाही, देवापुढे ठेवायचे नाही, पाहुण्याच्या चहात तर घालायचेच नाही. धूर म्हणजे दोष, धूर म्हणजे फजिती, ही गोष्ट मी मुळाक्षरांच्याही आधी शिकलो.

त्याच आजीचे दुसरे एक काम या लेखासाठी मला आठवते. नाचणीचे सत्त्व ती घरी करी. नाचणी रात्रभर भिजत घालायची, फडक्यात बांधून ठेवायची, बारीक पांढरे मोड आले की पसरून वाळवायची, भाजायची आणि जात्यावर दळायची. मोड फार वाढू द्यायचे नाहीत. वाढले की दाण्याचा कस मोडातच जातो, असे तिचे म्हणणे. हे सारे उन्हाळ्यात ठीक चाले. पण एका वर्षी धाकट्या बहिणीसाठी हा घाट भर आषाढात घालावा लागला. आठ दिवस सूर्य दिसला नाही. मोड वाढत चालले. शेवटी आजीने नाचणीची सुपे चुलीवरच्या माळ्यावर चढवली. नाचणी वाळली, परंतु सत्त्वाला असा काही धुराचा वास लागला की बहिणीने पहिल्या घासालाच तोंड फिरवले. आजी चुलीकडे पाहून म्हणाली, "ऊन नसेल तर माणसानं करायचं काय?"

तो प्रश्न जगातल्या पुष्कळ लोकांपुढे शतकानुशतके उभा होता. जिथे ऊन पुरत नाही तिथे मोड आलेले धान्य विस्तवावर वाळवायचे आणि त्याबरोबर येणारा धूर मुकाट्याने गिळायचा. पुढे धुराशिवाय वाळवण्याच्या युक्त्या निघाल्या तेव्हा बहुतेकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि धुराला घराबाहेर घालवले. काही थोड्यांनी तसे केले नाही. त्यांतले एक खोरे नॉर्वे देशात आहे आणि तिथे हा धूर मोठ्या मानाने प्याल्यातून पाहुण्यापुढे येतो. त्या खोऱ्याचे नाव स्ट्योर्दाल.

नॉर्वेच्या मध्यभागी त्रोन्डेलाग नावाचा प्रांत आहे. ट्रॉन्डहेम हे त्याचे मोठे शहर. त्याच्या पूर्वेला, समुद्राचा एक हात जमिनीत घुसला आहे तिथे, स्ट्योर्दालची सपाट सुपीक जमीन लागते. अक्षांश साडेत्रेसष्टच्या आसपास. इतक्या उत्तरेला आपल्या कल्पनेत बर्फाशिवाय काही उगवत नाही; प्रत्यक्षात इथे जव चांगले पिकतात. ट्रॉन्डहेमचा विमानतळ याच गावाच्या हद्दीत वॅर्नेस येथे आहे आणि जवळच 'हेल' नावाचे रेल्वे स्टेशन आहे. इंग्रजी जाणणारे प्रवासी त्या पाटीखाली उभे राहून नरकात पोहोचल्याची छायाचित्रे काढून घेतात. नॉर्वेच्या जुन्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ पुढे झुकलेला कडा किंवा कपार एवढाच आहे. धुराची गोष्ट सांगताना हे स्टेशन वाटेत यावे, हा माझा दोष नव्हे.

इथल्या शेतकऱ्यांची घरगुती बिअर 'स्ट्योर्दालची बिअर' म्हणूनच ओळखली जाते. बिअरला त्यांचा शब्द जवळजवळ आपल्या 'ओल' या शब्दासारखा ऐकू येतो. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. पण ऐकून बरे वाटते. ही बिअर समजायची तर प्याल्यापासून नव्हे, भट्टीपासून सुरुवात केली पाहिजे. तिचे सारे रहस्य तिथे आहे.

जवाच्या दाण्यात पिठूळ सत्त्व भरलेले असते. ते जसेच्या तसे आंबत नाही. दाणा भिजून अंकुरू लागला की त्याच्या पोटात अशी द्रव्ये तयार होतात की पुढे कोमट पाण्यात ती त्या पिठाची साखर करून टाकतात. ही साखर खरे म्हणजे कोवळ्या रोपाची शिदोरी. माणूस मध्येच हात घालतो आणि रोपाचे वाढणे थांबवून ती शिदोरी स्वतःसाठी ठेवतो. त्यासाठी योग्य वेळी दाणा वाळवावा लागतो. अशा मोडवून वाळवलेल्या जवाला माल्ट म्हणतात. ही विद्या काही युरोपची मिरास नव्हे. आपल्याकडे सौत्रामणी यागात सुरा करीत, तिच्या साहित्यात मोड आलेले धान्य मुद्दाम सांगितले आहे; मोडाच्या जवाला तिथे 'तोक्म' असा शब्द आहे. आजीची नाचणी आणि स्ट्योर्दालचे जव ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

वाळवण्यासाठी स्ट्योर्दालमध्ये वेगळे खोपटे असते. त्यातल्या भट्टीला 'सोइन' म्हणतात आणि खोपट्याला 'सोइनहूस', म्हणजे सोइनघर. खाली विस्तवाची जागा; वर, माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर, भोके पाडलेल्या लाकडी फळ्यांचा पाट. त्या पाटावर ओले, मोड आलेले जव पसरतात. खालून ऊब आणि धूर भोकांतून वर चढतात, जवाच्या थरातून वाट काढतात आणि छपराकडे जातात. दाण्याला धूर चुकवण्याची सोय नाही. लाकडी पाटाखाली विस्तव म्हणजे आगीला आमंत्रणच. म्हणून हे खोपटे राहत्या घराला खेटून बांधीत नाहीत. अनेक ठिकाणी ते एकट्याचे नसून शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या भागीदारीत असते आणि आळीपाळीने वापरले जाते. अशी खोपटी त्या खोऱ्यात आजही डझनांनी आहेत आणि ती वस्तुसंग्रहालयातली नाहीत. दर मोसमात त्यांतून धूर निघतो.

जळण म्हणून ऑल्डरचे लाकूड. ओढ्याकाठी, पाणथळ जागी वाढणारे हे झाड; हिमालयातल्या त्याच्या भाऊबंदाला उतीस म्हणतात. विस्तव भडकू द्यायचा नाही, विझूही द्यायचा नाही. आच वाढली तर दाण्यातली ती साखर करणारी द्रव्ये मरतात आणि माल्ट निकामी होते. कमी पडली तर मोड वाढत राहतात किंवा दाणा बुरसतो. म्हणून राखण करायला माणूस बसतो. फावड्याने, हाताने जव वरखाली करतो, तळहातावर घेऊन ओल पाहतो, दातांखाली दाणा फोडून पाहतो. एकट्याने हे काम कंटाळवाणे, म्हणून शेजारी येतात. शेजारी आले म्हणजे मागल्या खेपेची बिअर निघते. गुऱ्हाळावर रात्र काढलेल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको.

आता प्याल्याकडे येऊ. ही बिअर तांबूस तपकिरी, कधी अधिक गडद. आपल्याला चित्रांतून ठाऊक असलेला बिअरचा पांढरा फेसाचा मुकुट हिच्या डोक्यावर बेताचाच असतो, कारण घरच्या पिंपात वायू फारसा कोंडला जात नाही. बर्फासारखी गार करून ती देत नाहीत. तळघराचा गारवा तेवढा पुरे. प्याला तोंडाजवळ नेताच आधी धूर येतो, आणि तोही अगरबत्तीचा नव्हे. विझवलेल्या शेकोटीचा, धुरावर टांगलेल्या मांसाचा. नवखा माणूस इथे थबकतो. धुराच्या मागोमाग गोडवा येतो. भाजक्या धान्याचा, काकवीकडे झुकणारा. बाजारी बिअरमध्ये हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा कडूपणा असतो. तो इथे नावापुरता. आणि पिऊन झाल्यावर बराच वेळ जिभेवर पुन्हा तो धूरच रेंगाळतो. एका घरची बिअर दुसऱ्या घरच्यासारखी नसते. कोणाची इतकी धुरकट की शेजारीही खोकतात, कोणाची सौम्य. त्यावर गावात वाद होतात, तसे आपल्याकडे आमटीच्या गोडपणावर होतात.

मी स्वतः न पिणारा मनुष्य आहे. बिअरचे गुणगान करण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला नाही. मला ओढ लागली ती या प्याल्याच्या इतिहासाची. कारण याच मातीत एका राजाचे सिंहासन प्याल्यावरून डळमळले होते.

गोष्ट दहाव्या शतकातली. नॉर्वेच्या गादीवर हाकोन होता. त्याची कारकीर्द साधारण ९३४ ते ९६१ अशी मानतात. पोरवयात त्याला इंग्लंडचा राजा अॅथेलस्टन याच्या दरबारी वाढवायला दिले होते आणि तिथे तो ख्रिस्ती झाला. परत येऊन राजा झाला तेव्हा प्रजा मात्र जुन्या देवांची: ओदिन, थोर, न्योर्द, फ्रेय. हाकोन शहाणा होता. त्याने तलवार काढली नाही, पंचांग काढले. मध्यहिवाळ्यात उत्तरेकडचे लोक 'यूल' नावाचा सण करीत. हाकोनने कायदा केला की यूल ख्रिस्तजन्माच्या दिवसांतच सुरू करावा, प्रत्येकाने त्यासाठी ठराविक मापाची बिअर करावी, नाहीतर दंड भरावा, आणि बिअर संपेपर्यंत सण पाळावा. म्हणजे सणाची तिथी राजाने ठरवली आणि सणाची लांबी पिंपाने.

ही हकीकत आपल्याला आइसलंडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन याच्या 'हाइम्सक्रिंग्ला' या ग्रंथात मिळते. तो ग्रंथ १२३० च्या सुमाराचा. घटना आणि लेखन यांत पावणेतीनशे वर्षांचे अंतर आहे, शिवाय स्नोरी हा जातिवंत गोष्ट सांगणारा. त्याचा शब्द न् शब्द इतिहास म्हणून घेता येत नाही. आजचे संशोधक घेतही नाहीत. पण प्याला कसा देत, कसा घेत आणि त्यात काय पणाला लागे, हे तेराव्या शतकातल्या त्या माणसाला पक्के ठाऊक होते, एवढे मी निश्चित मानतो.

स्नोरी सांगतो की यज्ञाच्या मेजवानीत प्याले क्रमाने फिरत. पहिला ओदिनचा, राजाच्या विजयासाठी आणि सत्तेसाठी. मग न्योर्द आणि फ्रेय यांचे, सुगीसाठी आणि शांततेसाठी. प्याला देण्याआधी यजमान त्यावर मंत्रून हात फिरवी. हे निव्वळ पिणे नव्हते. राजाने प्याला घेतला तर पीक येणार, भांडणे मिटणार. न घेतला तर साऱ्या मुलखाचे वर्ष धोक्यात. आपला राजा गणपतीपुढचा प्रसाद नाकारतो असे दिसल्यावर एखाद्या गावाला जे वाटेल ते त्या शेतकऱ्यांना वाटत असले पाहिजे.

हाकोनने फ्रोस्टा येथल्या लोकसभेत प्रजेला ख्रिस्ती होण्यास सांगितले. फ्रोस्टा हे स्ट्योर्दालजवळचेच द्वीपकल्प. त्रोन्डेलागचे शेतकरी तिथे न्यायनिवाड्यासाठी जमत. त्यांनी राजाला उभ्या सभेत उत्तर दिले. मेदालहूसचा आस्ब्योर्न नावाचा शेतकरी उठला आणि त्याने स्पष्ट बजावले की आम्हांला आमची जुनी रीत चालवू दे, नाहीतर आम्ही दुसरा राजा पाहतो. हाकोनला माघार घ्यावी लागली.

मग हिवाळ्याच्या तोंडाशी लादे येथे मेजवानी झाली. लादे आज ट्रॉन्डहेम शहराचाच भाग आहे. पहिले शिंग भरले गेले. सिगुर्द यार्ल हा त्या प्रांताचा सरदार. राजाचा मित्र, पण जुन्या देवांचा भक्त. त्याने शिंग ओदिनला अर्पण केले, स्वतः प्यायला आणि राजाच्या हातात दिले. राजाने ते घेतले आणि त्यावर क्रुसाची खूण केली. ग्रीटिंगचा कोर नावाचा शेतकरी ओरडला, राजा हे काय करतो? सिगुर्दचे प्रसंगावधान असे की तो म्हणाला, राजाने तर थोरच्या हातोड्याची खूण केली. जो आपल्या बळावर विश्वास ठेवतो तो तसेच करतो. हवेत बोटाने काढलेली खूण. क्रूस म्हणा, हातोडा म्हणा. ती रात्र निभावली.

दुसऱ्या दिवशी निभावेना. यज्ञात मारलेल्या घोड्याचे मांस राजाने खावे, असा शेतकऱ्यांचा आग्रह. राजा नाही म्हणाला. रस्सा तरी प्या, नाही. चरबी तरी, नाही. हाणामारीची वेळ आली तेव्हा सिगुर्दने पुन्हा मध्यस्थी केली. मांस शिजत होते त्या कढईच्या कड्यावर वाफेने चरबी साचली होती. राजाने कड्याभोवती तागाचे फडके गुंडाळले आणि त्यावर तोंड उघडून धरले. वाफ घेतली म्हणा किंवा नुसता जबडा उघडला म्हणा. स्नोरी कोरडेपणाने सांगतो की यावर कोणीच समाधानी झाले नाही. एका राजाचे राज्य वाफेच्या एका घोटावर तरंगताना मला तरी इतिहासात दुसरीकडे दिसले नाही.

पुढल्या यूलच्या आधी आठ शेतकऱ्यांनी आपसांत करार केला. बाहेरच्या खोऱ्यांतल्या चौघांनी ख्रिस्ती धर्म मुलखातून उखडायचा, आतल्या चौघांनी राजाला यज्ञ करायला भाग पाडायचे. चार जहाजे दक्षिणेला गेली, तीन धर्मगुरू मारले गेले, तीन चर्चे जळाली. मॅरे येथल्या यूलच्या मेजवानीत हाकोनने घोड्याच्या काळजाचे दोन-चार तुकडे खाल्ले आणि शेतकऱ्यांनी पुढे केलेले सगळे प्याले, या वेळी खूण न करता, रिते केले. त्या बाहेरच्या चौघांत वॅर्नेसचा थोरबर्ग नावाचा एक जण होता. वॅर्नेस म्हणजे वर सांगितलेला विमानतळ, म्हणजेच स्ट्योर्दाल. आज तिथे एक मध्ययुगीन दगडी चर्च उभे आहे. थोरबर्गने जे उखडण्याचा पण केला तेच त्याच्या वाडीवर टिकले. आणि त्याने ज्यासाठी पण केला तो प्यालाही टिकला. हे कसे झाले, ते कायद्याच्या एका कलमात पाहायला मिळते.

पश्चिम नॉर्वेत गुलातिंग नावाची अशीच एक लोकसभा होती. तिचा कायदा तेराव्या शतकातल्या प्रतींत आपल्या हाती आला आहे. तोवर देश ख्रिस्ती झालेला होता. या कायद्यात बिअर न करण्याबद्दल शिक्षा आहे. किमान तीन शेतकऱ्यांनी मिळून सणाची बिअर करावी. नवऱ्याच्या वाट्याचे एक माप, बायकोच्या वाट्याचे एक माप. दूर बेटावर किंवा डोंगरात राहणाऱ्याने एकट्याने तितकीच करावी. नाताळच्या रात्री ती ख्रिस्ताच्या आणि मेरीच्या नावाने पवित्र करावी, सुगीसाठी आणि शांततेसाठी. जो करणार नाही त्याने बिशपला दंड द्यावा. आणि तीन हिवाळे ओळीने ज्याने केली नाही त्याची सारी मालमत्ता जप्त. अर्धी राजाला, अर्धी बिशपला. प्रायश्चित्त घेऊन राहायचे, नाहीतर देश सोडून जायचे.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. दारू गाळणाऱ्याच्या घरावर छापा ही गोष्ट आमच्या वडिलांच्या पिढीला रोजची होती. गुलातिंगच्या कायद्याने नेमका उलटा छापा घातला असता: पिंप रिकामे का? मी हे कलम प्रथम वाचले तेव्हा हसलो. नंतर लक्षात आले की हसण्यासारखे त्यात फार नाही. ज्याच्या घरी बिअर नाही त्याच्या घरी कोणी जाणार नाही. जो तीन वर्षे कोणाला बोलवीत नाही तो गावातून उठलाच. शिवाय ते शब्द पाहा: सुगीसाठी आणि शांततेसाठी. न्योर्द आणि फ्रेय यांच्या प्याल्याचेच ते शब्द. देव बदलले, मागणे तेच राहिले. चर्चने प्याला फोडला नाही. त्यावरचे नाव बदलले. १५३७ मध्ये नॉर्वेत लुथरचा पंथ आला आणि कॅथलिक संतांची पूजा मोडली, तरी नाताळची बिअर झाल्याशिवाय नाताळ होत नाही ही समजूत शेतघरांतून गेली नाही. बिअर तयार होताना पिंपावर डांबराचा क्रूस काढीत, भुताखेतांनी तोंड घालू नये म्हणून पोलादाची वस्तू ठेवीत. किण्व घालताना मोठ्याने आरोळी ठोकीत, म्हणजे बिअर जोरदार होते. नाताळात घराच्या राखणदारालाही झाडाच्या मुळाशी बिअर ओतण्याची चाल होती. कोकणातल्या वाचकाला या राखणदाराची ओळख करून द्यायला नको.

वाढण्याची भांडीही पाहण्यासारखी. एकाच लाकडातून कोरलेले मोठे वाडगे, त्यांना घोड्याच्या डोक्यांचे दोन कान. हे वाडगे हातोहात फिरत. दोन कानांचा उपयोग तोच, एकाने द्यायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे. काही ठिकाणी मोठ्या वाडग्यात बदकाच्या आकाराचे छोटे पेले तरंगत. पाहुण्याने बदक उचलायचे, भरायचे, प्यायचे आणि पुन्हा पाण्यात, म्हणजे बिअरमध्ये, सोडून द्यायचे. रंगवलेली वेलबुट्टी, कडेने अक्षरे. ऑस्लोच्या लोकजीवन संग्रहालयात अशी भांडी आहेत. कोरणाऱ्याने बदकाची मान किती प्रेमाने वळवली आहे ते पाहिले म्हणजे पिण्यापेक्षा देण्याला किती महत्त्व होते ते कळते.

आता धुराकडे परत. स्ट्योर्दालची बिअर धुरकट यात एके काळी काहीच विशेष नव्हते. जिथे लाकडाच्या विस्तवावर माल्ट वाळे तिथली बिअर कमीअधिक धुरकट असायचीच. सतराव्या शतकात इंग्लंडात डर्बीशर भागात दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर माल्ट वाळवू लागले; कोकला धूर नाही. एकोणिसाव्या शतकात गरम हवा वेगळ्या नळीतून खेळवणाऱ्या भट्ट्या सर्रास झाल्या. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन गावी सोनेरी, स्वच्छ बिअर निघाली आणि जगाने तिच्यापुढे मान तुकवली. धूर गावंढळ ठरला. जर्मनीत बांबेर्ग शहराने बीचच्या लाकडाचा धूर राखला आणि त्यावर नाव कमावले. स्वीडनच्या गोटलंड बेटावर बर्चच्या धुराची घरगुती बिअर राहिली. पोलंडमधल्या ग्रोजिस्क गावची ओकच्या धुराची गव्हाची बिअर १९९३ मध्ये कारखान्याबरोबर बंद पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

नॉर्वेत काय झाले ते मला सर्वांत विलक्षण वाटते. पश्चिमेकडल्या व्हॉस, हार्दांगर, होर्निंदाल या भागांनी आपले किण्व राखले. त्याला 'क्वाइक' म्हणतात. आपण विरजण राखतो तसे ते घरोघर पिढ्यान् पिढ्या राखले गेले; लाकडाच्या कड्यांच्या माळेवर किंवा खाचा पाडलेल्या ओंडक्यावर वाळवून टांगून ठेवायचे, पुढल्या वेळी गोड रसात बुडवायचे, शेजाऱ्याचे बिघडले तर आपल्यातले द्यायचे. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी या किण्वांची जनुके तपासली तेव्हा ती बाजारातल्या किण्वांहून वेगळ्या घराण्याची निघाली. पण या पश्चिमेकडल्या लोकांनी माल्ट करणे सोडून दिले. आता ते दुकानातून आणतात. इकडे स्ट्योर्दालने भट्टी राखली, ऑल्डरचा धूर राखला, आणि किण्व मात्र हरवले. तिथले लोक आता पाव फुगवायचे यीस्ट वापरतात. एका खोऱ्याने विरजण जपले आणि दूध विकत घेतले; दुसऱ्याने गाय जपली आणि विरजण वाण्याकडून आणले. आपण परंपरा अखंड चालत आल्याचे बोलतो तेव्हा बहुधा असेच काहीतरी असते, असे मला वाटते.

ही नोंद राहिली ती लोकांनी विचारले म्हणून. १९४६ मध्ये नॉर्वेत लोकजीवनाची माहिती प्रश्नावल्या पाठवून गोळा करणारी संस्था निघाली. तिच्याकडे आलेल्या उत्तरांच्या आधारे ऑड नूर्दलान्द यांनी नॉर्वेतल्या घरगुती बिअरवर १९६९ मध्ये ग्रंथ लिहिला. तो बहुधा मृत्युलेखच ठरेल अशी तेव्हाची हवा होती. पुढे लार्स मारियस गार्शोल हा संगणकाचा व्यवसाय करणारा गृहस्थ गावोगाव हिंडला, शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांत आणि सोइनघरांत बसला, आणि २०२० मध्ये त्याचे मोठे पुस्तक आले. त्यात ही माणसे जिवंत आहेत, त्यांचे हात धुराने काळे आहेत. शाळेत मी मुलांना गावची जुनी माहिती म्हाताऱ्यांना विचारून यायला सांगतो तेव्हा मुले कंटाळतात; यापुढे मी त्यांना या प्रश्नावलीची गोष्ट सांगणार आहे.

राहता राहिले चाखणे. नॉर्वेत घरी स्वतःपुरती बिअर करायला मुभा आहे, पण परवान्यावाचून ती विकता येत नाही. ज्या भट्ट्यांचे मी वर्णन केले त्यांतल्या बहुतेकांचा धूर म्हणूनच दुकानात कधी पोहोचत नाही. खरी स्ट्योर्दालची बिअर चाखायची तर कोणाच्या तरी दारात पाहुणा म्हणून उभे राहावे लागते. नाताळात तर यजमानाला पाहुण्याची अधिकच निकड. तिथे जुनी समजूत आहे की नाताळात घरी आलेला माणूस काहीही तोंडात न घालता गेला तर तो घरातला नाताळच उचलून बाहेर नेतो. दिवाळीत आलेल्याने चिमूटभर फराळ तरी केल्यावाचून उठू नये, हे सांगताना आमच्या आजीच्या आवाजात जी कळकळ असे तीच ही.

माझ्यासारख्या न पिणाऱ्याने त्या घरी काय करावे, याचा मी विचार करून ठेवला आहे. हाकोन राजासारखे वाडग्याच्या कानाला फडके गुंडाळून नुसते तोंड उघडण्याची युक्ती यजमान चालवून घेईल असे दिसत नाही. सुदैवाने त्या समजुतीत खाणेही चालते. भाकरीचा एक तुकडा मोडेन आणि वाडगा शेजारच्याकडे देण्यापूर्वी एकदा नाकाशी नेईन. धुराचा वास मी ओळखतो.